किनाऱ्यावर थांबलेली लेखणी

‘काळे पाणी’ हे दोन शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल, कोलू, दंडाबेडी आणि राजबंदी उभे राहतात. स्वातंत्र्यसंग्रामाने या शब्दांना जे गांभीर्य प्राप्त करून दिले त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु सेल्युलर जेलचे बांधकाम १९०६ साली पुरे झाले आणि अंदमानातील कैद्यांची वसाहत मात्र १८५८ च्या मार्च महिन्यातच सुरू झाली होती. मधल्या जवळजवळ अर्धशतकात जे हजारो कैदी बोटींतून त्या बेटांवर उतरले त्यांत स्त्रियाही होत्या. पुरुषांच्या मानाने त्यांची संख्या फारच थोडी होती. त्यांतील पुष्कळ जणींवर नवऱ्याच्या किंवा स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या हत्येचा गुन्हा शाबीत झालेला होता. त्या राजबंदी नव्हत्या. त्यांच्या स्वागताला कोणी बंदरावर गेले नाही व त्यांच्या नावाने कोणी हुतात्मा स्तंभ उभारला नाही.

मराठी साहित्याने या स्त्रियांचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो आम्ही बीड जिल्ह्यातून हाती घेत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ज्या दंडविधानाने त्या स्त्रियांना समुद्रापार धाडले तो इंग्रजी मुलखाचा कायदा होता. तरीही बाईला दृष्टीआड करून घराची व गावाची अब्रू वाचविण्याची जी रीत आहे तिला आमच्याकडे कोणत्याही सरकारच्या कलमाची गरज पडली नाही. ती रीत आमच्या माणसांच्या वागण्यात आहे आणि आमच्या कथांतही आहे. म्हणूनच जुन्या चार लेखनकृती नव्याने वाचून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली कृती आपल्या ख्रिस्ती वाचकांच्या परिचयाची आहे. बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. विधवांच्या स्थितीचे निरूपण हा त्या पुस्तकाचा उघड हेतू होता आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान आजही अबाधित आहे. यमुना आपल्या पतीसह प्रवासाला निघते. वाटेत निरनिराळ्या विधवा भेटतात. त्यांच्या कर्मकहाण्या ती ऐकते. शेवटी ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. आपल्याकडे या शेवटाचे कौतुक फार झाले आणि ते अस्थानी नाही. पण वाटेत भेटलेल्या त्या विधवांचे पुढे काय झाले, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारला? यमुनेची गाडी पुढे जाते आणि त्या वाटेतच राहतात. लेखकाला त्यांचे दुःख खरोखरीच जाणवले होते. परंतु त्याच्या ग्रंथात त्यांची जागा दाखल्यांची आहे. दाखला देऊन झाला की त्याचे काम संपते. ही रीत पुढील साहित्यातही कशी टिकून राहिली ते आपण पाहू.

दुसरी कृती रूढ अर्थाने साहित्य नव्हे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी आपली टिपणे प्रसिद्ध केली तेव्हा सरकारने अनेकांचे अभिप्राय मागविले. त्या वर्षीच्या डिसेंबरात जोतीराव फुले यांनी आपला अभिप्राय पाठविला. त्यात त्यांनी काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेची हकीगत सांगितली आहे. ही बाई पुण्यात त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न फसले, मुलगा झाला आणि लोकलज्जेच्या धास्तीने तिने त्या अर्भकाला मारून विहिरीत टाकले. प्रेत सापडले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हे साल १८६३. भारतीय दंडविधान अंमलात येऊन तेव्हा पुरते दोन वर्षेही झाली नव्हती. खुनाच्या कलमात दोनच वाटा होत्या: फाशी किंवा जन्माचे काळे पाणी. मुलाच्या बापासाठी त्या विधानात कलमच नव्हते. कायदा पाहत होता तो ज्या हाताने जीव गेला त्या हाताकडे. तो हात तसा उठेपर्यंत आणखी कोणाकोणाचे हात लागले, हे पाहणे त्याच्या कक्षेत बसत नव्हते.

फुल्यांनी काशीबाईच्या निकालावर वाद घातला नाही. त्यांनी व सावित्रीबाईंनी आपल्या घराचे दार उघडले. गुपचूप या, बाळंत व्हा आणि मूल ठेवावयाचे असेल तर येथे ठेवा, अशा आशयाच्या जाहिराती पुण्यात लागल्या. त्या अभिप्रायात ते सांगतात की १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. मुलांपैकी पाच जगली आणि तीस दगावली, कारण त्यांच्या आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली होती. हे आकडे कोणा प्रचारकाने लिहिले असते तर जगलेल्या पाचांचा गौरव आधी आला असता. फुले तीसही तितक्याच सरळपणे सांगतात. म्हणून तो सरकारी अभिप्राय आम्हांस त्या काळातील कित्येक कादंबऱ्यांपेक्षा अधिक खरा वाटतो. मात्र काशीबाईपुरते बोलायचे तर शिक्षा सुनावल्याच्या वाक्यापाशी तीही त्यातून नाहीशी होते. तिच्यानंतर आलेल्या पस्तीस जणींना दार मिळाले आणि तिला बोट.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे जरूर आहे. फुले दांपत्याने १८७४ मध्ये ज्या मुलाला दत्तक घेतले त्या यशवंताच्या आईचे नावही काशीबाईच होते आणि तीही ब्राह्मण विधवाच होती. भाषणांतून व किरकोळ लेखनांतून या दोघी अनेकदा एकच होऊन जातात. एकीला अकरा वर्षे आधी जन्मठेप झाली आणि दुसरी त्या आश्रयगृहात सुखरूप बाळंत झाली, एवढे ध्यानात घेतले तरी हा घोटाळा टळतो. पण तो होतो, याचे कारण आपल्या सवयीत आहे. ‘पतित विधवा’ असा एक साचा मनात तयार असला की त्यात कोणतीही काशीबाई बसते. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असेच घडले नाही काय? पोप ग्रेगरी थोर यांच्या ५९१ सालच्या प्रवचनापासून शुभवर्तमानातील निनावी पापी स्त्री, बेथानीची मरिया आणि मरिया माग्दालिया या तिघी शतकानुशतके एकच मानल्या गेल्या. १९६९ मध्ये उपासनेची दिनदर्शिका सुधारली गेली तेव्हा त्यांचे वेगळेपण पुन्हा मान्य झाले. पुरुष संतांपैकी कोणा तिघांची अशी मोट बांधलेली आमच्या वाचनात नाही.

तिसरी कृती या सर्वांत तेजस्वी आहे. १८८१ साली सुरतेच्या कोर्टापुढे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेचा खटला चालला. आरोप तोच, अनौरस अर्भकाच्या हत्येचा. तिला प्रथम फाशी सुनावली गेली. नंतर ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली आणि अखेर पाच वर्षांपर्यंत खाली आली. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला. पुण्यातील एका पत्राने तर या निमित्ताने सबंध स्त्रीजातीच्याच चालचलणुकीवर आग पाखडली. त्याला उत्तर आले ते वऱ्हाडातील बुलढाण्याहून. तेथील सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई हिने ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहिला व १८८२ मध्ये पुण्यात छापवून घेतला. पाचशे प्रती निघाल्या. त्यावर झालेली टीका पाहून ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात, १८८५ मध्ये, जोतीराव तिच्या बाजूने उभे राहिले. पुढे तो निबंध विस्मृतीत गेला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी संपादून तो पुन्हा लोकांपुढे आणला. म्हणजे सुमारे नव्वद वर्षे हे पुस्तकही एका अर्थाने हद्दपारच होते.

ताराबाईंचा युक्तिवाद साधा आणि म्हणूनच बिनतोड आहे. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्या हाती घेतात आणि तो पुरुषाच्या अंगी कितीपट आहे ते दाखवितात. भाषा घरातली, बोलीची, प्रसंगी जिभेला धार लावलेली. आपल्या काळच्या कथा-नाटकांतील स्त्रीचित्रांची त्या जी झडती घेतात ती पाहता त्यांना मराठीतील आद्य स्त्री-समीक्षक म्हणण्यास हरकत नसावी. बाईला कारस्थानी, कामुक आणि चंचल रंगविणारे लेखक ती चित्रे कोणत्या घरात पाहून काढतात, असा त्यांचा रोख आहे. या मुद्द्यावर आम्हांस योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभू येशूपुढे उभे केले जाते. मोशेचे नियमशास्त्र दोघांनाही दोषी ठरविते. पण धरून आणली आहे ती एकटी बाई. तो पुरुष कोठे आहे, हा प्रश्न त्या मंदिराच्या अंगणात कोणी विचारला नाही. ताराबाईंनी तो भर बाजारात विचारला. त्यांनी योहानाचे शुभवर्तमान वाचले होते की नाही, याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. अन्यायाची बनावट दोन्हीकडे एकच असल्याने प्रश्नही एकच निघाला.

एवढ्या मोठ्या पुस्तकाची मर्यादा दाखविताना संकोच होतो. पण समीक्षेचे ते काम आहे. ज्या विजयालक्ष्मीपासून निबंध सुरू झाला ती निबंधात फार काळ टिकत नाही. ताराबाईंचा सामना पुरुषजातीशी आहे आणि त्या सामन्यात विजयालक्ष्मी हे निमित्त. तिचे वय, तिचे घर, त्या रात्रीचा तिचा एकटेपणा, तुरुंगाचे दार बंद झाल्यावरचे तिचे दिवस या गोष्टी वादाच्या धुरळ्यात दिसेनाशा होतात. निबंध या वाङ्मयप्रकाराला ते बंधन असतेच, असे कोणी म्हणेल. ते आम्ही मान्य करतो. पण निबंधाला जे शक्य नव्हते ते कादंबरीला शक्य होते.

आणि कादंबरी आलीही. विनायक दामोदर सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’ १९२७ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्यानंतर दहा वर्षांनी ‘काळे पाणी’ ही कादंबरी. तिची नायिका मालती अंदमानात पोहोचते. मराठी कथावाङ्मयात ही विरळी गोष्ट आहे व तिचे श्रेय लेखकाला दिलेच पाहिजे. परंतु मालती ही पळवून नेलेली, फसविली गेलेली, मूळची निष्पाप मुलगी आहे. तिच्याविषयी कळवळा वाटण्यासाठी वाचकाला काहीच मोजावे लागत नाही. काशीबाईचे तसे नाही. तिने खरोखरीच आपल्या मुलाचा जीव घेतला होता. तिच्यासाठी ज्याला डोळे पुसावयाचे आहेत त्याला प्रथम आपल्या न्यायबुद्धीशी झगडावे लागेल. जी कादंबरी तो झगडा टाळते ती कितीही थरारक असली तरी या स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या खऱ्या काळोखाला स्पर्श करू शकत नाही.

त्या काळोखात काय होते, याचा थोडा विचार करू. अंदमानात स्त्री-कैद्यांसाठी साउथ पॉइंट येथे वेगळा तुरुंग होता. दळण, सूतकताई, विणकाम अशी कामे असत. ठराविक वर्षे तेथे काढल्यावर चांगल्या वर्तनाच्या स्त्रीला लग्नाची मुभा मिळे. वर म्हणजे बरीच वर्षे शिक्षा भोगून स्वतःच्या कमाईवर राहण्याची परवानगी मिळविलेला कैदी. वसाहत स्थिर व्हावी, माणसे घरदार करून राहावीत, असा सरकारचा हिशेब होता आणि पुरुष फार, स्त्रिया थोड्या, म्हणून या लग्नांना प्रोत्साहनच होते. त्यांतून जी मुले झाली त्यांच्या वंशजांचा ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखला जाणारा समाज आजही तेथे आहे. निरनिराळ्या प्रांतांचे, जातींचे व धर्मांचे रक्त त्यात मिसळले आहे आणि हिंदुस्थानी ही त्याची बोली झाली आहे.

आता वाचकांनी पुण्यातील विधवेची स्थिती त्याशेजारी ठेवून पाहावी. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. पण काशीबाईच्या जातीत त्याचा उपयोग करून घेण्याचे धैर्य शंभरात एकालाही नव्हते. तिला लग्न करता आले असते तर तिचे मूल कदाचित पाळण्यात वाढले असते. जे लग्न तिला घराच्या उंबऱ्यात नाकारले गेले तेच खुनी ठरल्यानंतर, समुद्र ओलांडल्यानंतर, जात गेल्यानंतर तिच्यासारखीला सरकारी नियमाने खुले होत होते. याला सुटका म्हणावे काय? निवड करायची ती परक्या बेटावर, पहाऱ्याखाली आणि वसाहतीच्या सोयीसाठी. तिला सुटका म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण नुसती शिक्षा म्हणूनही ते भागत नाही. कारण तेथे काही स्त्रियांनी संसार केले, मुले वाढविली, म्हाताऱ्या झाल्या. त्या शिक्षेनंतरही जगल्या, ही गोष्टच आपल्या साहित्याला सुचली नाही. त्याने त्यांना न्यायालयाच्या पायरीवर पाहिले, हळहळ व्यक्त केली, समाजाला चार शब्द सुनावले आणि ते किनाऱ्यावरून परत फिरले.

इतरत्र असे का घडले नाही, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटन व आयर्लंडमधून १७८८ पासून सुमारे पंचवीस हजार स्त्री-कैदी ऑस्ट्रेलियात पाठविल्या गेल्या. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजातून होबार्टला निघालेल्या स्त्रियांनी वाटेत अडीच हजारांहून अधिक तुकडे जोडून एक मोठी गोधडी शिवली. एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने त्यांना सुईदोरा व कापड दिले होते. ती गोधडी आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तिच्याकडे पाहून त्या स्त्रियांचे वंशज विचारू लागले की आमची आजी कोण होती, कोठून आली, तिने पुढे काय केले. आमच्या मराठवाड्यात प्रत्येक घरी वाकळ असते. जुन्या लुगड्याचा कोणता तुकडा कोणाचा, हे म्हाताऱ्या सुना-नातींना बोट ठेवून सांगतात. काशीबाईच्या लुगड्याचा तुकडा मात्र कोणत्याच वाकळेत शिवला गेला नाही.

हे सर्व जुने झाले, असे म्हणून अंक मिटावा तर तसे करता येत नाही. काळ्या पाण्याची शिक्षा दंडविधानातून १९५५ च्या दुरुस्तीने गेली आणि तिच्या जागी जन्मठेप आली. परंतु २०११ च्या जनगणनेत आमच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. बालहत्या प्रतिबंधक गृहाची आठवण या आकड्यापाशी येऊन अडखळते. पुढे २०१९ मध्ये या जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. या आकड्यांवर चर्चा झाली, अहवाल झाले, अग्रलेख झाले. ते सर्व आवश्यकच होते. पण कोयता घेऊन नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेलेली, शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत पुन्हा मोळी उचलणारी त्यांतील एखादी बाई, तिचे नाव, तिची पुढली दहा वर्षे आपल्या कथेत कितीशी आली? दाखला म्हणून ती आली आणि दाखल्यासारखीच गेली.

आमच्या धर्मग्रामांतील नवे लेखक हौसेने व कळकळीने लिहितात, याचे आम्हांस कौतुक आहे. त्यांच्या कथांत फसविली गेलेली मुलगी वारंवार येते. ती विहीर जवळ करते. किंवा पहाटेच्या एस.टी.ने मुंबईस जाते आणि कथा संपते. किंवा एखादी धर्मभगिनी तिला आश्रमात नेते आणि दार मिटते. मुलीविषयी लेखकाला दया असते, यात शंका नाही. तरीही परिणामी घडते ते हेच की गावाला जे हवे होते ते कथा करून देते. बाई दृष्टीआड होते, तो मुलगा पुढल्या रविवारी मिस्साला नेहमीच्या जागी बसतो आणि वाचक डोळे पुसून मोकळा होतो. अशा कथेतील एस.टी. आणि १८६३ मधील ती बोट यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाही.

म्हणून लिहिणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. बाई गावाबाहेर गेली म्हणजे कथा संपली, असे मानू नये. ती उतरली कोठे, पहिली रात्र तिने कोणाच्या ओसरीवर काढली, तिला काम कोणी दिले, मूल जगले की गेले, जगले असेल तर शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावाच्या रकान्यात काय लिहिले, हे शोधावे. तो मुलगा मिस्साला बसला असेल तर त्याच्या शेजारी बसून त्याच्याही मनात डोकावावे. आणि वाचणाऱ्यांना विनंती अशी की ‘स्त्रीपुरुष तुलना’ घरात आणावी, मुलींइतकीच मुलांनाही वाचावयास द्यावी, आणि वाचून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे की विजयालक्ष्मीचे पुढे काय झाले असेल असे तुम्हांला वाटते. त्या प्रश्नावर घरात जे बोलणे सुरू होईल त्यातूनच कदाचित आपल्याकडील ती न लिहिलेली कादंबरी निघेल.